बकरीची घोषणा पुढे ढकलली

मंगळवारी दुपारी वहिनी आवाजबंद खोलीत शुक्रवारच्या भाषणाची तालीम करत होती, म्हणून तो फोन धाकटीला आला.

धाकटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. घरात दोनच भावंडं, थोरला दादा आणि ही. दादाच्या बायकोनं गेम बनवायचं ऑफिस काढलं, नणंदेला प्रसिद्धीचं काम दिलं, आणि घरातली हाक तिच्या मागोमाग ऑफिसातही येऊन बसली. आता कुरिअर आणणारासुद्धा तिला धाकटीताई म्हणायचा.

दादाचं चष्म्यांचं दुकान होतं, फोन तिथून होता. "साहेब पडलेत. खुर्चीवर बसल्या बसल्याच. तुम्ही लगेच या."

"लागलंय का कुठे?" धाकटीनं विचारलं.

"तुम्ही या फक्त," पलीकडचा माणूस म्हणाला. मागे कुणीतरी दुकानाचं शटर अर्धं ओढत होतं, तो आवाज तेवढा आला.

ती आवाजबंद खोलीचं दार न वाजवता आत शिरली. वहिनी हातवारे करत, हसत हसत बोलत होती. "अरे, लाल दिवा दिसत नाही का बाहेर?" म्हणाली, आणि धाकटीचा चेहरा बघून तिचं हसू जिथल्या तिथे राहिलं.

दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, त्यांना कळलंही नसेल. दादाला कधी साधी सर्दी टिकली नव्हती. सकाळी त्यानं डबा विसरला म्हणून जिन्यातून परत येऊन स्वतःलाच चार शिव्या घातल्या होत्या. वहिनी भाषणाचे कागद हातात तसेच धरून कॉरिडॉरमध्ये उभी राहिली. रडली नाही. थोड्या वेळानं तिनं फोन काढला आणि मास्तरला लावला. मास्तर म्हणजे तिचा भागीदार, गेमचा सगळा प्रोग्रॅम लिहिणारा. प्रत्येकाच्या शुद्धलेखनाच्या चुका काढतो म्हणून मास्तर.

"ट्रेलरचा शेवटचा आवाज पाठवलास का रे?" वहिनी विचारत होती. "पाठव. आणि ऐक, हा गेला."

धाकटीला वाटलं, हिला धक्का बसलाय, ही काय बोलतेय ते हिचं हिला कळत नाहीये. पुढचं सगळं तिनं या एका समजुतीवर केलं.

शुक्रवारी त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घोषणा होती. एका चिडक्या बकरीचा गेम. बकरी जहाजातून पळते आणि वाटेत येईल त्याला शिंगांवर घेत घरी परतते. गेमचं नाव शुक्रवारीच जाहीर व्हायचं होतं, म्हणून तोवर सगळे त्याला नुसतं 'बकरी' म्हणत. वर्षानुवर्षं सहा-सात माणसांनी एका लांबट खोलीत बसून तो बनवला होता. जगभरातले लोक ऑनलाइन बघतात अशा, इथल्याच सभागृहात होणाऱ्या एका मोठ्या कार्यक्रमात त्यांना ट्रेलरपुरती जागा मिळाली होती, आणि ट्रेलरच्या आधी स्टेजवर जाऊन वहिनीनं चार वाक्यं बोलायची होती. ही जागा मिळवायला गेम बाजारात आणणाऱ्या प्रकाशक कंपनीनं आणि धाकटीनं किती जणांचे पाय धरले होते ते त्यांचं त्यांनाच माहीत.

बुधवारी सकाळी अंत्यसंस्कार झाले. घरी परतले तेव्हा बाहेरच्या खोलीत इतकी माणसं होती की चपला जिन्यापर्यंत गेल्या होत्या. आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती आणि जो येईल त्याला "जेवलात का?" विचारत होती. कुणाला पाणी, कुणाला पत्ता, कुणाला रडायला खांदा, असं करत धाकटी घरभर फिरत असताना मोठ्या काकांनी तिला हात करून बोलावलं आणि स्वतःचा फोन तिच्या तोंडासमोर धरला.

"हे काय आहे?"

ऑफिसच्या पानावर नुकतीच एक पोस्ट पडली होती. चित्रात एक माणूस उताणा पडलेला, पाय वर, आणि त्याच्या छातीवर ऐटीत उभी बकरी. खाली ठळक अक्षरात: 'शुक्रवारी कोण आडवं होणार?'

ती पोस्ट तिनंच लिहिली होती, गेल्या आठवड्यात, खी खी हसत. आठवडाभराच्या पोस्ट वेळ लावून ठेवलेल्या होत्या, त्यांना कुणी मेलंबिलं कळत नव्हतं.

"काका, ते आपोआप गेलं."

"आपोआप!" काकांचा आवाज चढला. आजूबाजूचे वळून बघायला लागले. "इथे आपण त्याला पोचवून येतोय, आणि तुमच्या बकऱ्या नाचतायत? तुझ्या वहिनीला सांग, आता हे थेर बंद करा म्हणावं."

धाकटी तो संताप घेऊन मागच्या खोलीत गेली आणि दाराला कडी लावली. आधी तिनं सगळ्या पोस्ट काढून टाकल्या. घाईत दोनदा भलतंच बटण दाबलं गेलं. मग प्रकाशक कंपनीत फोन लावला. तिथली बाई इतकी गोड बोलायची की मास्तरनं तिचं नाव साखरबाई ठेवलं होतं.

"आम्हा सगळ्यांना खूप खूप वाईट वाटलं," साखरबाई म्हणाली. "तुम्ही अगदी तुमचा वेळ घ्या. घाई मुळीच नाही. फक्त चारच्या आत सांगाल का, शुक्रवारचं काय ते? कारण पुढचे लोक थांबलेत."

धाकटीला ओरडावंसं वाटलं. बाहेर आई पुन्हा कुणाला तरी जेवलात का विचारत होती. वहिनी आतल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला उठवून काय विचारायचं? स्टेजवर कुठली साडी नेसणार? बकरीचे विनोद करशील ना?

"रद्द करा," धाकटी म्हणाली. "आमच्याच्यानं होणार नाही."

"नक्की ना? तुमच्या वहिनींशी..."

"त्या बोलायच्या स्थितीत नाहीत. मी सांगतेय ना."

तासाभरात कळलं की जागा एका मोटारींच्या शर्यतीच्या गेमला दिली. धाकटीनं मोठा श्वास सोडला. भावासाठी आज आपण एक तरी काम नीट केलं, असं तिला वाटलं.

संध्याकाळी माणसं पांगली. वहिनी उठली, तोंड धुतलं, आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली. हातात तेच भाषणाचे कागद, आता चुरगळलेले.

"तिसरं वाक्य बदलायला हवं," ती म्हणाली. "नवऱ्यावरचा विनोद आहे त्यात. तो काढते. बाकीचं चालेल. उद्या तालमीला किती वाजता बोलावलंय?"

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. "वहिनी, मी ते रद्द केलं."

"काय रद्द केलं?"

"शुक्रवार. त्यांना सांगितलं मी. जागा दुसऱ्याला दिली त्यांनी. तू आता कसलीही काळजी करू नकोस."

वहिनीनं कागद ओट्यावर ठेवले, सावकाश, काठ जुळवून. "कुणाला विचारून?"

"अगं, तू झोपली होतीस..."

"मी झोपले नव्हते. भिंतीकडे बघत पडले होते. दार ढकललं असतंस तर दिसलं असतं."

"वहिनी, काका काय काय बोलले सगळ्यांसमोर. ती पोस्ट..."

"काकांचा गेम आहे का?" वहिनी ओरडली. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता. आई दारात येऊन उभी राहिली. "काल दुपारपासून जो तो माझ्याबद्दल ठरवतोय. हिला पडू द्या, हिला खायला द्या, हिला एकटं सोडू नका, हिला एकटं सोडा. कुणी मला विचारतंय? तूसुद्धा?"

"मला वाटलं, तुला उभं राहवणार नाही."

"इथे तरी उभं राहवतंय का मला?" वहिनीनं घराकडे हात केला. "परवा दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाला मी तो कसा पडला ते सांगत बसणार. प्रत्येकाला पहिल्यापासून. शुक्रवारी मला तासभर अशा माणसांत जायचं होतं ज्यांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांना फक्त बकरी बघायची होती. मी चार वाक्यं बोलले असते, ते हसले असते, आणि मी परत आले असते. एवढंच हवं होतं मला, धाकटे. तुझ्या भावाला माहीत होतं मी कशी आहे. तो असता तर त्यानं गाडी काढली असती."

आई म्हणाली, "जरा हळू बोला गं, खालपर्यंत जातंय," आणि स्वतःच डोळ्याला पदर लावून निघून गेली.

गुरुवारी सकाळपासून धाकटीनं फोन करकरून जीव काढला. कार्यक्रमवाले म्हणाले, प्रकाशकामार्फत या. प्रकाशकाकडे साखरबाई मीटिंगमध्ये होती. मीटिंग संपली तर जेवायला गेली होती. शेवटी सापडली तेव्हा म्हणाली, "अहो, तुम्हीच तर सांगितलंत ना? शर्यतवाल्यांचा ट्रेलर आता चढलासुद्धा. पण आम्ही तुमच्यासोबत आहोत." या 'सोबत'चा धाकटीला इतका राग आला की तिनं फोन पलंगावर भिरकावला, आणि पुन्हा उचलून नीट विचारलं, कार्यक्रमाच्या शेवटी दोन मिनिटं मिळतील का? नाही. सुरुवातीच्या आधी? नाही. मग आम्ही आमच्या पानावर ट्रेलर दाखवतो? करारात बसत नाही.

दुपारी कंपनीकडून एक निवेदन आलं, लोकांसाठी. वहिनीला ऑफिसात यायचंच होतं आणि तिला अडवायची आता कुणाची हिंमत नव्हती. ती आणि मास्तर एका पडद्यासमोर बसले, धाकटी मागे उभी राहिली. मास्तरनं मोठ्यानं वाचलं: "काही अपरिहार्य कारणांमुळे, तसेच गुणवत्तेशी तडजोड न करण्याच्या आमच्या धोरणास अनुसरून, नियोजित घोषणा पुढे ढकलण्यात येत आहे."

"गुणवत्तेचा काय संबंध?" वहिनी म्हणाली. "गेम चांगलाच आहे. नवरा मेलाय माझा."

"असं लिहू?" मास्तरनं विचारलं.

"मला लिहायचं नव्हतंच. पण आता काहीतरी सांगायलाच लागणार असेल तर खोटं कशाला? वर आपलंच काम कच्चं म्हणून?"

मास्तरनं 'कुटुंबातील निधनामुळे' असं करून पाठवलं. उत्तर आलं, की 'निधन' हा शब्द वातावरण जड करतो, 'वैयक्तिक कारण' चालेल का? वहिनीनं पुन्हा पाठवलं. त्यांनी पुन्हा मऊ केलं. सात-आठ वेळा ते एक वाक्य इकडून तिकडे गेलं आणि प्रत्येक खेपेला त्यातलं मेलेलं माणूस आणखी थोडं नाहीसं होत गेलं. शेवटी वहिनी उठली. "लावा काय लावायचं ते," म्हणाली. निवेदन गुणवत्तेसकट लागलं.

लोकांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं. गेम नाहीच मुळी, नुसतं चित्र होतं. बकरी पळाली वाटतं. बकरी कापली वाटतं. मी तर आधीच म्हणत होतो. धाकटी एकेक वाचत होती आणि प्रत्येकाला उत्तर लिहून खोडत होती.

"वाचू नकोस," मास्तर म्हणाला.

"तुझं काय मत? मी चुकले ना?"

मास्तरनं चष्मा काढून पुसला. तो दादानंच करून दिलेला होता, फुकट. "तू मला विचारलं असतंस तर मीही रद्दच कर म्हणालो असतो. म्हणजे दोघंही चुकलो असतो. तिला न विचारता हे ठरवायचं नव्हतं, एवढंच."

शुक्रवारी संध्याकाळी कुणाचं ठरलेलं नसताना सगळे ऑफिसात जमले आणि कार्यक्रम बघत बसले. त्यांच्या वेळेला मोटारी आल्या. धूर, टायर, आरडाओरडा. वहिनी हाताची घडी घालून बघत होती. मोटारी गेल्या आणि पुढच्या मिनिटाला मास्तरच्या फोनवर टिंग वाजलं. मग धाकटीच्या. मग सगळ्यांच्या, एकामागून एक.

गेम जिथे विकत मिळतात त्या ऑनलाइन दुकानातलं बकरीचं पान उघडलं होतं. त्याची वेळ कंपनीनं लावलेली होती, आणि इतक्या गोड बोलण्यात ती बंद करायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. नाव, चित्रं, सगळं जगजाहीर. आणि जिथे गेमचं वर्णन असायला हवं, जे धाकटी बुधवारी लिहिणार होती, तिथे तिनं महिन्यापूर्वी जागा धरायला टाकलेली ओळ होती: 'इथे काहीतरी गमतीचं टाकायचं. वहिनीला विचारणे.'

"मेले," धाकटी म्हणाली.

तिनं साखरबाईला फोन लावला. लागला नाही. मास्तरनं लावला. व्यस्त. तोवर त्या ओळीचे फोटो सगळीकडे फिरायला लागले होते. मोटारींचं कुणी नाव काढत नव्हतं. जो तो विचारत होता, वहिनीला विचारलं का? कुणी बकरीच्या तोंडी ते वाक्य घातलं. कुणी लिहिलं, घोषणा का लांबली ते कळलं, वहिनी हो म्हणाली नसेल. शेकडो अनोळखी माणसं हसत हसत एकच प्रश्न विचारत होती, आणि धाकटीला वाटत होतं की जमीन दुभंगावी आणि आपण टेबलाखुर्चीसकट आत जावं.

"वहिनी, मी काढते ते. कसंही करून काढते. मी..."

"थांब," वहिनी म्हणाली. ती वाचत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मग तिनं कीबोर्ड ओढला आणि ऑफिसच्या नावानं लिहायला लागली. कुणाला दाखवलं नाही, मास्तरलाही नाही.

'मी वहिनी. मला विचारलं नव्हतं. माझा नवरा मंगळवारी वारला, आणि माझ्या नणंदेला वाटलं मला आज बोलणं जमणार नाही. तिचाही तो भाऊ होता. गेम खरा आहे, पुरा झालाय, आणि गुणवत्तेला काहीही झालेलं नाही. गमतीचं काय टाकायचं ते अजून सुचलेलं नाही. सुचलं की टाकू.'

मास्तरनं वाचलं आणि एकही चूक काढली नाही.

पलीकडचं हसणं थांबलं. सांत्वनांची रांग लागली. शेकडो, नंतर हजारो. वहिनीनं वरची दोन-चार वाचली आणि पडदा बंद केला. "झालं," ती म्हणाली. "आता यांनाही माहीत झालं. आता कुठे जाऊ मी?" ती पर्स घेऊन एकटीच घरी गेली. साखरबाईचा फोन त्यानंतर आला. करार मोडल्याबद्दल ती बोलायला लागली होती, पण पान बघणाऱ्यांचा आकडा बघून मध्येच तिचा सूर बदलला. धाकटीनं तिला पुरतं बोलूही दिलं नाही.

पुढचे दोन महिने वहिनी धाकटीशी कामापुरतं बोलत होती. धाकटी मात्र आता प्रत्येक गोष्ट विचारायची. ही पोस्ट टाकू? हा निळा घेऊ की तो? चहा आता ठेवू की नंतर? एकदा वहिनी वैतागून म्हणालीच, "अगं, श्वास घेऊ का तेही विचार एकदा!" मास्तर हसला. वहिनी हसली नाही, पण त्या दिवशी तिनं घरी जाताना धाकटीला गाडीत बसवून नेलं. आईला दोघींना एकत्र बघून इतकं बरं वाटलं की तिनं दोनदा वाढलं.

मग एका लहानशा कार्यक्रमात त्यांना पुन्हा जागा मिळाली. मोठ्या सभागृहाच्या मागच्या दालनात, अर्ध्या खुर्च्या भरलेल्या. वहिनी स्टेजवर गेली, चार वाक्यं बोलली. तिसरं वाक्य नवं होतं आणि लोक त्याला हसले. मग ट्रेलर सुरू करायला तिनं हातातलं रिमोटचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पडद्यावर कुठल्या तरी बँकेची जाहिरात आली. लोक पुन्हा हसले. तिनं तिसऱ्यांदा, चौथ्यांदा दाबलं, आणि माईकवरच म्हणाली, "अरे, साधं एक बटण चालवता येत नाही का तुम्हाला?" शेवटी बाजूच्या माणसानं लॅपटॉपवरून ट्रेलर लावला. टाळ्या पडल्या. बऱ्यापैकी पडल्या.

मागच्या खोलीत आल्यावर वहिनीनं सँडल काढून फेकले आणि खुर्चीत बसून रडायला लागली. हमसून हमसून, नाक पुसायचं भान नाही, इतकं. दवाखान्यात नाही, घरी नाही, इतक्या दिवसांत कुणी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

"साधं एक बटण," ती म्हणत होती. "एवढी सगळी माणसं. साधं एक बटण नीट करून ठेवता येत नाही यांना."

धाकटी तिच्या शेजारी जमिनीवर बसली. हात धरावा की नाही ते तिला कळेना. तिनं तो धरला. वहिनीनं काढून घेतला नाही.

दार किलकिलं झालं आणि मास्तरचं डोकं आत आलं. "ते मुलाखतवाले थांबलेत बाहेर. कॅमेरा लावून." मग त्याला वहिनी दिसली आणि तो दचकला.

"पाच मिनिटं थांबायला सांग," धाकटी म्हणाली. आणि म्हणून झाल्यावर तिनं घाबरून वहिनीकडे बघितलं.

वहिनी ओढणीच्या टोकानं तोंड पुसत होती. "दोन पुरेत," ती म्हणाली, आणि पायानं सँडल शोधायला लागली.